पहाटे ३.५६ ला तुम्ही कुठे होतात?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाबद्दल एक छोटी चौकट टाकली होती, फार तर सहा ओळींची, आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सगळं सदर त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. तीनच पत्रं घेतलीत, कारण तिन्हींना नीट उत्तर द्यायचंय. बाकीच्यांना पुढच्या वेळी.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या घरी दरवर्षी ३० सप्टेंबर जवळ आला की एकच भांडण होतं. माझे बाबा सांगतात की किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत होते, कुंटे चौकाजवळ, आणि पायाखालची जमीन हलली आणि त्यांना लगेच कळलं की भूकंप झाला, मग सकाळी सहाला अलका चौकात चहा पिता पिता त्यांनी पेपरात बातमी वाचली. आमची आत्या म्हणते यातलं काहीही झालं नाही, दादा रात्री दोनलाच घरी येऊन झोपला होता आणि सकाळी रेडिओवर बातमी ऐकून तिनंच त्याला उठवलं. बाबा आता ७४ वर्षांचे आहेत. यावर्षी आत्या सगळ्यांसमोर ‘खोटं आहे’ म्हणाली तर ते जेवणावरून उठले. माझी मुलगी आठवीत आहे, तिला शाळेत ‘आजोबांची आठवण’ असा निबंध आहे आणि तिला हेच लिहायचंय. तिनं काय लिहावं? खरं कोण बोलतंय? (सदाशिव पेठ)

उत्तर : दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नाहीये हे आधी सांगते, आणि भांडण मिटावं म्हणून सांगत नाहीये, मला खरंच तसं वाटतं.

आधी जे पक्कं आहे ते बघू. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, गुरुवारी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी, बुधवारी, अनंत चतुर्दशी होती. म्हणजे त्या वेळी पुण्यात मिरवणूक चालूच असणार, आपली मिरवणूक दुसरा दिवस उजाडल्याशिवाय संपत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम २००० सालचा, तेव्हा तो नव्हता, त्यामुळे पहाटे चारला लक्ष्मी रोडवर लायटिंगचे गणपती, स्पीकर, गर्दी सगळं असणार. बाबा तिथे असू शकतात. हादरा इतक्या लांब जाणवेल का, तर किल्लारी इथून सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटरवर आहे आणि मुंबईत तर तो जाणवलाच होता. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते, त्यांनी हे जाहीरपणे कितीतरी वेळा सांगितलंय की विसर्जन म्हणून ते रात्री जागे होते, वर्षा बंगल्याच्या खिडक्या वाजल्या, त्यांना आधी वाटलं कोयनेला भूकंप झाला, तिकडे चौकशी केली तर कळलं की कोयना नाही, लातूरकडे झालाय. मुंबईत खिडक्या वाजल्या म्हणजे पुण्यातही हललं असणारच.

पण भर मिरवणुकीत, ढोल आणि स्पीकर चालू असताना, नाचणाऱ्या माणसांच्या गर्दीत उभं असताना पायाखालचा हादरा कळावा आणि हा भूकंप आहे हेही लगेच कळावं, इथे मी जरा थांबते. त्या रात्री पुण्यात ज्यांना जाणवलं असं मी ऐकलंय ते बहुतेक घरात आडवे पडलेले लोक, कुणाची कॉट हलली, कुणाची फडताळातली भांडी वाजली. आणि दुसरी गोष्ट पेपरची. सकाळी सहाला चौकात येणारा पेपर रात्री दोन-तीनपर्यंत छापून झालेला असतो, त्यात ३.५६ ची बातमी कुठून येणार? ३० तारखेच्या सकाळच्या पेपरात ती असणं शक्यच नाही. बाबांनी ती वाचली ती बहुधा १ ऑक्टोबरला, शुक्रवारी. आता बघा, पेपर वाचला हे खरं, चहा प्यायले हे खरं, अलका चौकात पहाटे उभे होते हेही खरं असेल, फक्त दोन वेगवेगळ्या सकाळी एकमेकींना चिकटल्यात. आत्यानं रेडिओ लावला तीही एक सकाळ त्यातच कुठेतरी आहे.

हे बाबांच्या वयामुळे झालंय असं कृपा करून कुणी म्हणू नका. अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अवकाशयान उडाल्यावर थोड्याच वेळात फुटलं, आतले सातही जण गेले, तेव्हा तिथल्या एमरी विद्यापीठात नाइसर आणि हार्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी वर्गातल्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं, काय करत होतास. मग अडीच एक वर्षांनी त्यातल्याच ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. ४४ पैकी ११ जणांचं मुख्य मुद्द्यांवर सगळंच्या सगळं चुकलं, आणि चुकलेल्यांनाही आपलं बरोबर असल्याची पक्की खात्री होती. त्यांच्याच हातचे जुने कागद समोर ठेवले तरी जुनी आठवण परत आली नाही, अक्षर माझं आहे पण झालं तसं नव्हतं असं म्हणण्यापर्यंत गोष्ट गेली. ही विशीतली कॉलेजची मुलं होती आणि मध्ये तीन वर्षंसुद्धा गेली नव्हती. आपल्या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेलीत.

माझंच सांगते. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं तेव्हा मी सात वर्षांची होते, आम्ही शनिवार पेठेत राहायचो. मला आयुष्यभर आठवत आलंय की अंधार होता, कंदील होते, आणि मी वडिलांच्या खांद्यावर बसून पर्वतीकडे चालले होते आणि मागे पाण्याचा आवाज. हे मी वर्गात मुलांनाही सांगितलंय, खूप वर्षं. एकदा माझी मोठी बहीण म्हणाली, अगं अंधार कुठला, धरण सकाळी फुटलं, आपण दिवसाढवळ्या पळालो आणि तू काकांच्या खांद्यावर होतीस, बाबा तर ऑफिसला होते. ती म्हणते तेच बरोबर आहे, धरण सकाळीच फुटलं. पण नंतर कित्येक दिवस लाइट नव्हते आणि आम्ही नातेवाइकांकडे कंदिलाच्या उजेडात राहिलो, माझे कंदील तिथले आहेत. वडिलांचा खांदा कुठून आला ते मात्र मला आजही कळलेलं नाही. ते पाच वर्षांनी गेले, कदाचित त्यामुळे असेल. बहिणीनं हे सांगितलं तेव्हा मलाही खूप लागलं होतं, म्हणून बाबा ताटावरून का उठले ते मला समजतं. त्यांना कुणी तपशील चुकला म्हटलं नाही, खोटं म्हटलं, आणि ते सगळ्यांसमोर.

आता किल्लारीच्या दिवशी मी कुठे होते ते. मी झोपले होते. मला काहीसुद्धा कळलं नाही. पण सकाळ मला नीट आठवते, आणि ही आठवण मी त्याच महिन्यात वहीत लिहून ठेवली होती म्हणून जरा भरवशानं सांगते.

आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत बाहेरगावची मुलं कॉट बेसिसवर राहायची. त्यात एक उमरगा तालुक्यातला मुलगा होता, डिप्लोमाला, अगदी शांत, मला सगळे बाई म्हणतात म्हणून तोही बाईच म्हणायचा. तो मंडळाच्या पोरांबरोबर रात्रभर मिरवणुकीत होता, पाचच्या सुमाराला येऊन तसाच शर्टासकट झोपला. सकाळी रेडिओवर सांगितलं, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप, तेव्हा आकडा वगैरे काही नव्हता, फक्त मोठी हानी एवढंच. मी दार वाजवलं. तो उठून आला तर केसांत, भुवयांत, कानामागे सगळा गुलाल. मी सांगितलं तर म्हणाला, आमच्याकडे भूकंप होत नसतो बाई.

मग आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. तिथे रांग होती, सगळी मराठवाड्यातली मुलं, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्याच्या गावात एकच फोन होता, किराणा दुकानदाराचा. तो आत काचेमागे उभा राहून नंबर फिरवत राहिला आणि वरच्या मीटरवर लाल शून्य तसाच, कारण फोन लागल्याशिवाय आकडे सुरू होत नाहीत. पुन्हा फिरवला, पुन्हा शून्य. बूथवाले काका एरवी एक मिनिट जास्त झालं की काचेवर टकटक करणारे, त्या दिवशी त्यांनी कुणालाही घाई केली नाही. आत गेलेला प्रत्येक मुलगा तो शून्य बघून बाहेर येत होता.

अकरा वाजता तो एसटीनं निघाला. मी त्याला पोळ्या आणि आदल्या दिवशीची विसर्जनाची वाटली डाळ बांधून दिली, घरात दुसरं काही केलेलंच नव्हतं. तोंड धुऊन जा रे असं म्हणणार होते, पण तो ज्या घाईनं पायात चपला घालत होता ते बघून म्हटलं नाही. दिवाळीनंतर तो पत्र्याची ट्रंक न्यायला आला. कॉलेज सोडलं होतं. घरचं मी विचारलं नाही, त्यानंच थोडं सांगितलं, आणि मग म्हणाला, “बाई, गावात गेलो तर लोकं माझ्या तोंडाकडंच बघायलेत. मला वाटलं वळखंना गेलेत. मग कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला अन् म्हणलं, गुलाल धू.”

माझ्या ३० सप्टेंबरच्या आठवणीत पुण्यातला हादरा नाही, हा गुलाल आहे.

आता निबंधाचं. मुलीला सांगा, आजोबांना वेगळं बसवून त्यांचं सगळं लिहून घे, मध्ये एक शब्द दुरुस्त करायचा नाही. मग आत्याआजीला वेगळं बसवून तिचं लिहून घे. दोघांनाही एकाच पद्धतीनं विचार, त्या दिवशी घरात काय खाल्लं होतं, अंगात काय होतं, रेडिओ कुठल्या खोलीत होता, शेजारी कोण आलं, असलं बारीक बारीक, कारण ‘तुम्हाला काय वाटलं’ असं विचारलं की माणूस ठरलेलं भाषण करतो. आणि मग दोघांना पुढचं विचार, त्या दिवसानंतर तुम्ही काय केलंत. कपडे दिले का, मंडळानं वर्गणी काढली का, ट्रक भरायला गेलात का. पुण्यानं तेव्हा खूप केलंय. गल्लोगल्लीच्या मंडळांनी मांडव उतरवायच्या आधीच त्याच मांडवात कपडे-धान्य गोळा करायला घेतलं होतं हे मी आमच्या पेठेत डोळ्यांनी बघितलंय. ज्ञान प्रबोधिनीची माणसं तिकडे मदतीला गेली आणि पुढे त्याच भागातल्या हराळीला त्यांनी शाळा उभी केली ती आजही चालू आहे. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी तिथली साधारण १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्यात आणली, वाघोलीचं केंद्र त्यातूनच झालं. ही मुलं आता चाळिशीत आहेत, आपल्यातच राहतात.

निबंधात दोन्ही लिहू दे, आजोबा असं सांगतात, आत्याआजी असं सांगते, पेपर ३० तारखेचा असू शकत नाही हेही लिहू दे, आठवीतल्या मुलीला एवढं नक्की झेपतं. फक्त आजोबांना ते वाचून दाखवायच्या आधी तुम्ही त्यांच्याशी एकट्यानं बोला. पेपरचं त्यांना तुमच्याकडून कळलेलं बरं, नातीच्या निबंधातून नको.

प्रश्न : बाई, मी सिव्हिलचा विद्यार्थी आहे. किल्लारीची तीव्रता ६ च्या थोडी वर होती असं वाचलं. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि एवढी माणसं जात नाहीत. मग इथे जवळजवळ १० हजार माणसं कशी गेली? आणि त्या भागात भूकंप होणारच नाही असं आधी मानत होते हे खरं का? (कर्वेनगर)

उत्तर : खरं आहे. आपल्याकडच्या भूकंपाच्या नकाशात देशाचे तेव्हा पाच झोन होते आणि किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. दख्खनचं पठार म्हणजे जुना, स्थिर भाग, इथे काही होत नाही अशी समजूत. २००२ मध्ये नकाशा बदलला, पहिला झोनच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. पण लोकांना आधी काहीच कळलं नव्हतं असं मात्र नाही. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीत छोटे छोटे धक्के बसत होते, जमिनीतून आवाज येत होते, लोक घाबरून तक्रारी करत होते. त्यातून जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, आणि हे मला आजही फार लागतं.

माणसं गेली ती घरांमुळे. तू सिव्हिलचा आहेस म्हणून थोडं नीट सांगते. तिकडची घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत, पण सिमेंट-चुना नाही, मातीत रचलेली, बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये बारीक दगडांची भर, आणि दोन थरांना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड बऱ्याच घरांत नव्हतेच. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काड्या, आणि त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवीन माती टाकायची, असं पिढ्यान्‌पिढ्या, म्हणजे छपराचं वजन वाढतच गेलेलं. उन्हाळ्यात हे घर फार थंड असतं, मी अशा घरात राहिलेय, दुपारी बाहेर यावंसं वाटत नाही. पण हादरा बसला की भिंतीचे दोन थर दोन दिशांना फुटतात आणि वरचं सगळं खाली येतं. आणि दगड-मातीचा ढिगारा काँक्रीटसारखा नसतो, आत पोकळी राहत नाही, बारीक माती नाकातोंडात जाते. गरिबाची झोपडी, कूड, पत्र्याचं छप्पर, त्यातले लोक वाचले. मोठ्या वाड्यातले गेले.

त्यात भूकंपाचं केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं, वेळ पहाटे चारची, आणि विसर्जन करून दमलेली गावं गाढ झोपेत. नंतर पाऊस आला, धो धो, मदतीच्या गाड्या चिखलात अडकल्या, आणि जाळायला लाकूड पुरेना तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळयाच सरणाला घेतल्या.

पुढे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आता धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागेवर वसवली, जागतिक बँकेचं कर्ज होतं, भूकंपाला टिकतील अशी घरं बांधली, रुंद रस्ते. तू एकदा जाऊन बघ असं मी म्हणेन. जुनं गाव, नवं गाव दोन्ही बघ, आणि नव्या घरांच्या पुढे लोकांनी नंतर स्वतःच्या हातानं काय काय बांधलंय तेही बघ, सिव्हिलवाल्यानं ते बघायला हवं. पुण्यातल्या जुन्या वाड्यांबद्दल तू विचारलं नाहीस, पण आपल्याकडेही दगड-मातीच्या भिंती आणि त्यावर नंतर चढवलेले मजले आहेत, हे शिकताना डोक्यात राहू दे.

प्रश्न : बाई, नाव छापू नका. मी लोहारा भागातल्या एका गावची. भूकंप झाला तेव्हा सहा वर्षांची होते. घरात उकडतंय म्हणून आजीनं मला बाहेर अंगणात तिच्या गोधडीवर घेतलं होतं, म्हणून आम्ही दोघी राहिलो. आई, वडील, लहान भाऊ आत होते. मला एक आवाज आठवतो आणि नंतर काही दिसत नव्हतं, सगळी धूळ, आणि आजी माझ्या तोंडावर पदर दाबून बसली होती एवढंच. नंतर मामानं मला हडपसरला आणलं, मी इथेच वाढले, इथेच नोकरी, इथेच लग्न. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी ३० सप्टेंबरला कुणीतरी विचारतं की तेव्हा तुम्ही कुठे होतात, आणि मग सगळे लिहितात, मी अलका चौकात, मी दगडूशेठच्या मागे, आमच्या घरची भांडी वाजली. वाईट हेतूनं कुणी लिहीत नाही, चांगली माणसं आहेत. पण मला राग येतो आणि मग त्या रागाचीच लाज वाटते. सोसायटीत कुणाला माझं माहीत नाही. मी लिहावं का? आणि माझ्या मुलाला सांगावं का? तो सहा वर्षांचा झालाय.

उत्तर : तुमचं पत्र मी चार दिवस टेबलावर ठेवलं होतं. तुम्हाला अगं म्हणावं की अहो म्हणावं यावरही अडले, शेवटी तुम्ही जसं लिहिलंत तसंच ठेवते.

ग्रुपवर लिहायची तुमच्यावर काहीही जबाबदारी नाही. कुणी विचारलं म्हणून उत्तर द्यायलाच हवं असं नसतं, आणि ‘भांडी वाजली’ च्या खाली ‘माझी आई गेली’ हे लिहायची जागा ती नव्हे. तिथे लगेच वीस जण हात जोडल्याचं चित्र टाकतील आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तुमच्याकडे वेगळं बघतील, आणि हे तुम्हाला नको असेल तर नकोच. त्या दिवशी ग्रुप म्यूट करा. रागाची लाज मात्र बाळगू नका. वर पहिल्या पत्राला मी पानभर उत्तर दिलंय, कोण कुठल्या चौकात होतं त्याचं, ते तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला कसं वाटेल याचा मी विचार केला. ते काढून टाकावं असंही एकदा वाटलं. मग ठेवलं, कारण इथल्या माणसांकडे त्या दिवसाचं एवढंच आहे आणि तेवढं तरी ते धरून आहेत, पण ते लिहिताना तुमचं पत्र माझ्या बाजूला होतं हे तुम्हाला सांगते.

सोसायटीतली एखादी मैत्रीण असेल, जिच्याकडे तुम्ही सहज चहाला जाता, तर तिला सांगायचं का ते तुम्ही बघा. एकीला माहीत असलं की ३० सप्टेंबरला निदान एक दार असतं. दरवर्षी त्या दिवशी किल्लारीला स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात, पोलीस मानवंदना देतात, बाहेरगावी गेलेले पुष्कळ जण त्या दिवसासाठी येतात. तुम्ही कधी गेलात की नाही ते पत्रात नाही. जायचं असेल तर कुणाला तरी बरोबर घेऊन जा, एकटीनं नको.

मुलाचं. तो सहाचा झालाय आणि तुम्हीही तेव्हा सहाच्या होतात, त्यामुळे हे आत्ताच वर आलंय असं मला वाटतं, तो झोपला की तुम्ही त्याच्याकडे बघत बसत असाल. त्याला भूकंपापासून सुरुवात करून सांगू नका. त्याला आधी आजी-आजोबा असू दे. आई काय स्वयंपाक करायची, वडील कसे हसायचे, भाऊ कुठला खेळ खेळायचा, तुम्हाला जे थोडंफार आठवत असेल आणि मामाला विचारून जे मिळेल ते. मामा असतील तर त्यांच्याकडून लवकर विचारून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करा, बहिणीच्या लहानपणचं त्यांच्याइतकं दुसरं कोण सांगणार. पोरगा कधीतरी विचारेलच की मग ते कुठे आहेत, तेव्हा एवढंच सांगा की रात्री मोठा भूकंप झाला, घर पडलं आणि ते वारले. लहान मुलांना वारले हा शब्द समजतो. देवाघरी गेले, झोपले असं सांगू नका, झोपले तर अजिबात नको. त्याचा पुढचा प्रश्न बहुतेक हा असेल की आपलं घर पडेल का. त्याला घराचे खांब दाखवा, हात लावून बघू दे, तुमचं जुनं घर कशाचं होतं आणि हे कशाचं आहे ते सांगा. वरच्या सिव्हिलच्या मुलाला जे लिहिलंय त्यातलं थोडं सोपं करून सांगता येईल.

आणि पणजीच्या गोधडीचं त्याला नक्की सांगा. आत उकडत होतं म्हणून तिनं मला बाहेर घेतलं, एवढं एक वाक्य. सहा वर्षांच्या मुलाला ते पुरतं.

तुम्ही सांगितलं तसं नाव काढलंय. तुम्ही गावाचंही लिहिलं होतं, तेही काढलं, नोकरीचं आणि सोसायटीचं ओळखू येईल असं सगळं काढलं. गोधडी तेवढी ठेवली, ती काढवेना. त्याला हरकत असेल तर कळवा.